सार्वजनिक पान आणि आपली ओंजळ

निवासी शाळेच्या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, दात्यांचे औदार्य आणि माजी विद्यार्थ्यांचे यश यांविषयी वाचावयास मिळते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने फार लहान आहे. संगणकाला दिलेल्या एका ओळीच्या आज्ञेविषयी मला येथे लिहावयाचे आहे. ही आज्ञा एखादे वेबपान मागवते आणि त्यावरील मजकूर आपल्या हाती देते. आपल्या शाळांनी ही विद्या मुलांना उघडपणे शिकवावी, आणि ती शिकवताना घेण्याची मर्यादाही त्याच तासाला शिकवावी, असे माझे मत आहे. या मतापर्यंत मी एका वाईट दुपारी येऊन पोहोचलो.

बारामती-इंदापूर परिसरातील एका निवासी शाळेत मी काही वर्षे संगणक शिकवीत होतो. त्या दिवशी सायंकाळी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत होती. साऱ्या संगणक कक्षाला मिळून इंटरनेटची एकच जोडणी होती आणि तीही बेताची. एका मुलीचे आईवडील ऊसतोडणीसाठी दूर गेलेले होते. अर्जासाठी लागणारा ओटीपी वडिलांच्या फोनवर जात असे. ते फडातून बाहेर येऊन, रेंज शोधून तो आकडा सांगत, आणि आकडा भरेपर्यंत पान अडकून मुदत उलटत असे. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी वडील म्हणाले, "बाई, मुकादम वरडतोय गं, आता शेवटचं." तो अर्ज अखेर रात्री अधीक्षकांच्या मोबाईलवरून भरला गेला.

जोडणी का तुंबली, याचा शोध घेतला तेव्हा मागच्या रांगेतील दोन संगणक सापडले. नववीतील एका मुलाने त्यांवर एक छोटा प्रोग्रॅम चालू ठेवला होता. तो प्रोग्रॅम एका खेळातील बाजाराचे पान क्षणाचीही उसंत न घेता पुन्हा पुन्हा मागवीत होता.

हा खेळ म्हणजे 'किंगडम ऑफ लोदिंग'. २००३ साली अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ ब्राउझरमध्येच खेळला जातो. काड्यांनी रेखाटलेली माणसे, काळी-पांढरी चित्रे आणि शाब्दिक कोट्यांनी भरलेला भरपूर मजकूर असे त्याचे स्वरूप आहे. त्यात दिवसाला ठराविक खेळ्या मिळतात आणि खेळाडूंची आपापसातील दुकानेही असतात. या खेळासाठी 'कोलमाफिया' नावाचे एक स्वतंत्र साधन खेळाडूंनीच तयार केले असून त्याची स्वतःची छोटी आज्ञाभाषा आहे. त्या भाषेत 'व्हिजिट यूआरएल' नावाचे फंक्शन आहे. त्याला पानाचा पत्ता द्यावा, ते पान मागवून आणते आणि त्याचा संपूर्ण मजकूर एका लांबलचक अक्षरमालेच्या रूपाने परत करते. त्यानंतर त्या मजकुरातून हवा तो शब्द किंवा आकडा शोधून काढणे हे लिहिणाऱ्याचे काम. या मुलाला एका वस्तूचा भाव उतरला की लगेच ती विकत घ्यावयाची होती. शब्दकोश शेजारी ठेवून त्याने हे सारे स्वतःच शिकून घेतले होते, हे मला नंतर कळले.

शिक्षकांच्या बैठकीत दोन सूचना पुढे आल्या: मुलाला काही दिवस घरी पाठवावे, आणि संगणक कक्षात असले प्रकार कायमचे बंद करावेत. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला. "सर, ते पान तर कोणालाही दिसतं. मी ते चोरलं कुठं?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि मला त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही. न दिलेले न घेण्याचे शील आपल्या निवासी शाळांतून रोज सकाळी म्हटले जाते. वेबवरील पानाच्या बाबतीत 'दिलेले' कशाला म्हणावे, हा त्या मुलाचा खरा प्रश्न होता. मी विचार करीत गेलो, तेव्हा मला त्याचे तीन भाग दिसले.

पहिला भाग सरळ आहे. जे पान प्रसिद्ध केले आहे ते वाचण्यासाठी दिलेले आहे. माणसाने बोटाने दुवा दाबून ते वाचले काय किंवा प्रोग्रॅमने मागवून आणले काय, मजकूर तोच असतो. सरकारी पानांच्या बाबतीत तर हा हक्कच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधन घातले आहे की, नागरिकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी इतकी माहिती त्यांनी आपण होऊन प्रसिद्ध करावी. धरणांतील पाणीसाठा, बाजार समित्यांतील आवक आणि दर ही अशीच दिलेली माहिती आहे.

दुसरा भाग असा, की पान दिलेले असले तरी ते देण्याची शक्ती मोजकी असते. प्रत्येक मागणीसाठी पलीकडच्या संगणकाला काम करावे लागते आणि मधली वाट अडवली जाते. माणूस मिनिटाला दोन-चार पाने पाहील. विश्रांतीची आज्ञा न दिलेला प्रोग्रॅम तेवढ्याच वेळात शेकडो मागण्या करील. म्हणून वेबच्या जगात काही संकेत रूढ झाले आहेत. संकेतस्थळाच्या दारावर 'रोबोट्स' नावाची एक साधी मजकूर-फाईल ठेवलेली असते आणि यंत्रांनी कोणत्या भागात येऊ नये हे तीत लिहिलेले असते. हा संकेत १९९४ पासून चालत आला असून २०२२ मध्ये त्याला प्रमाणित रूप मिळाले. मागण्या फार झाल्या तर पलीकडून '४२९' हा आकडा येतो. त्याचा अर्थ 'पुरे, थांबा' असा आहे. या संकेतांमागे पोलीस उभा नसतो. ते पाळणाऱ्याच्या विवेकावरच चालतात.

तिसरा भाग मुळात न दिलेल्याचा आहे. दुसऱ्याच्या नावाने व सांकेतिक शब्दाने उघडणारी पाने, कोणाच्या खासगी जीवनाची माहिती, आणि 'समोर माणूसच आहे' याची खात्री करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारी दारे यांचा त्यात समावेश होतो. सातबारा पाहण्याच्या सरकारी संकेतस्थळावर अशी अक्षरे भरावी लागतात. ती अक्षरे यंत्राकडून ओळखवून गावाचे सारे उतारे गोळा करणे म्हणजे कुलूप तोडणेच होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे ४३ वे कलम परवानगीवाचून संगणकात शिरणे, त्यातील माहिती काढून घेणे आणि त्याचे काम विस्कळीत करणे यांबद्दल जबाबदार धरते. नववीच्या मुलालाही हे ठाऊक असावयास हवे.

यातील दुसरा भाग त्या मुलाला समजावून सांगताना मला कायद्याची आठवण द्यावी लागली नाही. तो इंदापूर तालुक्यातील, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील गावचा. वीर धरणापासून निघालेला हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाहतो आहे. बारामती तालुका ओलांडून तो इंदापुरात येतो, आणि आवर्तनाची पाळी कधी येणार या विवंचनेत टेलच्या घरांचे दिवस जातात. मी त्याला विचारले, "वरच्या अंगाला कालव्यात मोटारी टाकल्या की तुमच्या चारीला काय होतं?"

तो म्हणाला, "पाणीच येत नाही, सर. आण्णा रात्रभर दाऱ्यावर बसून रिकामे परत येतात."

"कालवा सगळ्यांचाच असतो ना?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो त्या मुलीपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने तिची क्षमा मागितली. त्याला घरी पाठवण्याची सूचना आम्ही मागे घेतली.

राहिला बंदीचा प्रश्न. बंदी घालणे सोपे होते, आणि जे घडले ते पाहता तसे वाटणे स्वाभाविकही होते. तरीही मी तिला विरोध केला आणि आजही करतो. त्याचे कारण आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. तहानलेल्याच्या ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि न्यायालयातील लढा तर १९३७ पर्यंत चालला. त्या संग्रामाची बरोबरी आजच्या कोणत्याही संगणक-कौशल्याशी करणे हा लहान तोंडी मोठा घास होईल. परंतु त्यातील एक धडा येथेही लागू पडतो. एखादी गोष्ट सर्वांची आहे असे लिहून ठेवल्याने ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. तेथवर जाण्याची वाट आणि घेण्याचे बळ ज्याच्यापाशी आहे त्यालाच ती मिळते.

आज सार्वजनिक माहितीची तळी भरलेली आहेत. त्यांतून घेण्याची विद्या मात्र व्यापाऱ्याच्या, सल्लागाराच्या आणि शहरातील कंपनीच्या हाती आहे. बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या पुढाकाराने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग होत आहेत. जमिनीतील ओलावा आणि हवामान यांची आकडेवारी शेतकऱ्याच्या फोनवर येऊ लागली आहे. ज्या मुलुखात हे घडते आहे, तेथील शेतमजुराच्या आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाला दुसऱ्याने निवडून दिलेलाच आकडा वाचता यावा, मूळ पानापर्यंत मात्र जाता येऊ नये, हे मला मान्य नाही. वसतिगृहातील मुलाने ही विद्या चोरून शिकावी लागावी, हेही मान्य नाही. चोरून शिकलेल्या विद्येबरोबर तिची मर्यादा शिकवणारा कोणी नसतो. त्या दुपारी जे घडले त्यात माझाही वाटा होता, हे मी म्हणूनच कबूल करतो.

पुढच्या वर्षी आम्ही एक उपक्रम हाती घेतला. मुलांनी प्रथम पंधरा दिवस जलसंपदा विभागाच्या पानावरील भाटघर, नीरा देवघर, वीर, गुंजवणी आणि उजनी या धरणांचा साठा स्वतः वाचून फळ्यावर लिहिला. त्यानंतरच प्रोग्रॅम लिहिण्यास परवानगी दिली. नियम एकच होता: सकाळी एकदाच पान मागवावयाचे, मिळालेली प्रत जपून ठेवावयाची आणि दिवसभर तीच वापरावयाची. ज्याला वेगळा आकडा हवा असेल त्याने त्या जपलेल्या प्रतीतच शोधावा, पुन्हा दार ठोठावू नये. प्रमुख म्हणून आम्ही त्याच मुलाला नेमले.

या कामात मुले जे शिकली ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकवता आले नसते. पान डोळ्यांना जसे दिसते तसे ते यंत्राला दिसत नाही. यंत्राला खुणांच्या गर्दीत दडलेला मजकूर मिळतो. मराठी अंक आणि इंग्रजी अंक यंत्राच्या लेखी निरनिराळी चिन्हे असतात, त्यामुळे '५' शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दुसऱ्या लिपीतील पाच सापडत नाही. पानाची मांडणी बदलली की कालचा अचूक प्रोग्रॅम आज शेजारच्या रकान्यातील आकडा उचलतो आणि चूक झाल्याचे सांगतही नाही. मागण्यांचेही प्रकार असतात. 'गेट' म्हणजे पाहावयास मागणे, 'पोस्ट' म्हणजे काही स्वाधीन करणे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण तो सगळीकडे पाळला जातोच असे नाही. त्या खेळात कित्येक दुवे नुसते मागवल्यानेही एक खेळी खर्ची पडते. पान पाहणे हीदेखील कधी कधी कृती असते, आणि कृतीचा परिणाम करणाऱ्याला चुकत नाही.

सर्वांत मोठा धडा उजनीने दिला. भीमेवरील या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. तीपैकी जवळजवळ ६४ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून अधिक, मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी त्या पातळीच्याही खाली जाते, तेव्हा उपयुक्त साठा वजा चिन्हाने दाखवतात. आमच्या प्रोग्रॅमला अंक आणि दशांशचिन्ह एवढेच शोधण्यास सांगितले होते. त्याने अंक बरोबर उचलला आणि वजाचे चिन्ह टाकून दिले. आठवडाभर फळ्यावर धरणात चांगला साठा असल्याचे लिहिले जात होते. एके दिवशी उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावरून आलेले एक पालक फळ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, पळसदेवचं देऊळ पार उघडं पडलंय, आन् तुमच्या फळ्यावर पाणी हाय व्हय?"

पळसदेवचे प्राचीन मंदिर उजनीच्या पाण्यात बुडालेले असते. पाणी ओसरले की ते वर येते. त्या पालकांना संगणक येत नव्हता, परंतु त्यांनी पाणी पाहिले होते. वजाचे चिन्ह त्यामुळे सापडले. यंत्राने आणलेला आकडा प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावा, हा नियम आम्ही त्या दिवसापासून फळ्याच्या वरच्या बाजूला लिहून ठेवला.

काही जण विचारतील, की आता असा प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितला तरी लिहून मिळतो. मग मुलांनी तो शिकावा कशाला? प्रोग्रॅम लिहून मिळेल हे खरे आहे. किती वेळा मागावे, कोणाच्या दारावर जाऊ नये, वजाचे चिन्ह गळाले की काय, हे मात्र मागणाऱ्यालाच ठरवावे लागेल. प्रोग्रॅम फुकट मिळू लागल्यावर विवेकाची गरज वाढते. आणखी काही जण म्हणतील, की दहावीच्या गुणांपुढे या गोष्टींना वेळ कोठून आणावा? त्यांना मी एवढेच सांगेन, की आठवड्यातील एक तास पुरतो. त्या तासात भाषा, गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्र अभ्यास होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक निवासी शाळेने आपल्या मुलांच्या घराशी संबंध असलेले एक सार्वजनिक पान निवडावे. कालव्याच्या गावांनी धरणसाठा घ्यावा, डाळिंबाच्या गावांनी पणन मंडळाच्या पानावरील बाजारभाव घ्यावेत. मुलांनी ते आधी हाताने वाचावे, मग दिवसातून एकदा यंत्राने मागवावे, आणि गावातील जाणत्या माणसाला दाखवून मगच फळ्यावर लिहावे. परीक्षा आणि अर्जांच्या मुदतीच्या दिवसांत संगणक कक्षाची जोडणी त्याच कामासाठी राखून ठेवावी. खेळालाही रविवारी एक तास द्यावा. त्या मुलाला ही विद्या खेळानेच शिकवली होती, हे आपण विसरू नये.

त्या मुलाचे वडील आता सकाळी फोन करून विचारतात, "वीरचं आज काय?" मुलगा आकडा सांगतो. आवर्तन त्यामुळे लवकर येत नाही. कालव्याचा न्याय अजून संगणकाच्या हाती नाही. परंतु पाणी सुटणार की नाही हे पुढाऱ्याच्या माणसाला विचारत फिरण्याची वेळ त्या घरावर येत नाही, आणि फोन ठेवताना वडील शेजाऱ्यांनाही तो आकडा ऐकवतात.

आपल्या शाळांनी आजवर मुलांच्या हाती पाटी दिली, पुस्तक दिले, ताठ मानेने बोलण्याचे धैर्य दिले. सार्वजनिक पानापर्यंत स्वतः जाण्याची वाट आणि तेथून ओंजळीपुरतेच घेण्याचे शील याच परंपरेत त्यांनी आता द्यावे, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने नम्र विनंती करतो आणि विद्यालयाच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक मंगल कामना व्यक्त करतो.